पाण्यातली गाडी

आमच्या मोहल्ल्यात अब्बांच्या पिकअपला ‘पाण्यातली गाडी’ म्हणतात. अगदी लहान पोरंसुद्धा. ‘चाचा, पाण्यातली गाडी जरा पुढं घ्या की,’ असं कुणी म्हटलं तरी अब्बा रागावत नाहीत. कारण गाडी खरोखरच पाण्यातून आलेली आहे.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. ईदची रात्र सरली आणि २२ जुलैला चिपळूण शहरात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. बाजारपेठ, एस. टी. स्टँड, सगळं पाण्याखाली गेलं. आम्ही कराडचे बागवान. भाजी आणि फळं हा पिढीजात धंदा. अब्बा वीस-पंचवीस वर्षं कराडहून चिपळूणला कांदा-बटाटा, कोबी, टोमॅटो घेऊन जातात, त्यामुळे तिथल्या बाजारातली निम्मी माणसं त्यांना नावानं ओळखतात. त्यातल्याच एका व्यापाऱ्याची २०११ सालची पिकअप दुकानासमोर उभी होती ती तिथंच बुडाली. पाणी ओसरलं तेव्हा तिच्या केबिनमध्ये वीतभर चिखल होता.

अब्बांकडं तेव्हा गाडी नव्हती. जुना टेम्पो धाकट्या बहिणीच्या लग्नात, २०२० साली विकून टाकला होता. दुसऱ्याच्या गाडीतून माल पाठवायचा म्हणजे नफा भाड्यातच जायचा. ती बुडालेली पिकअप स्वस्तात मिळते आहे असं कळलं तेव्हा अब्बांनी कुणालाही विचारलं नाही. फक्त अम्मीला विचारलं, कारण पैसे तिच्याकडं होते. म्हणजे पैसे नव्हते, पाटल्या होत्या. त्या मोडल्या आणि दिवाळीनंतर गाडी दारात आली. इंजिन उघडून साफ केलं, वायरिंग सगळं बदललं, डिझेलची टाकी उतरवून दोन वेळा धुतली. अम्मीनं सीटवर जुन्या सतरंजीचा तुकडा शिवून घातला. चिखलाचा वास मात्र वर्षभर गेला नाही. पाऊस पडला की केबिनमधून तो वास यायचा आणि अम्मी लोबान घेऊन गाडीत फिरवायची.

दोन वर्षं गाडी उत्तम चालली, हे इथं मुद्दाम सांगते. कारण पुढं जे झालं तेव्हा ही दोन वर्षं सगळेच विसरले. मीसुद्धा विसरले.

*

२०२४ च्या सुरुवातीला गाडी बंद पडायला लागली.

कराड ते चिपळूण नव्वदच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरायचा, पोफळी आणि पुढं चिपळूण. अब्बा मध्यरात्री माल भरून निघायचे, पहाटे चिपळूणच्या बाजारात माल उतरवायचे आणि परत येताना नारळ, सुकी मासळी, हंगामात आंबा-फणस असं मिळेल ते घेऊन दुपारी घाट चढायचे. गाडी जाताना कधी बंद पडायची नाही, येतानाच पडायची. घाटात दोन-तीन वळणं चढली की दम लागल्यासारखी करायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलायची नाही, दोन-चार आचके द्यायची आणि गप्प व्हायची. दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की पहिल्याच सेल्फला सुरू! जणू काही झालंच नाही. आणि पुढं कुठंतरी पुन्हा तेच.

ज्यांनी घाटात गाडी चालवली नाही त्यांना यातलं भय कळायचं नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम तयार होणं थांबतं. दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंत ब्रेक साथ देतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. मागं मालाचं वजन, खाली उतार, एका बाजूला दरी. अब्बांनी एक लाकडी ठोकळा केबिनमध्ये पायाशीच ठेवला होता. गाडीनं पहिला आचका दिला की बाजूला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि खाली उडी मारून मागच्या चाकाला ठोकळा लावायचा. बासष्ट वर्षांचा माणूस. क्लीनर परवडत नाही म्हणून एकटा.

रमजानमध्ये एकदा मगरिबची वेळ झाली तरी अब्बा घरी आले नाहीत. फोन लागेना, घाटात रेंज नसते. आम्ही दस्तरखान घालून बसलो होतो. अम्मीनं खजूर हातात घेतला आणि तसाच धरून बसली. रोजा सोडल्यावरही तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रात्री नऊ वाजता अब्बा आले. त्या दिवशी गाडी घाटात चार वेळा बंद पडली होती. रोजा कुठं सोडला, असं मी विचारलं तर म्हणाले, “घाट में. अजान तो सुनने नै आती वहाँ. घड्याळ देख्या, पानी पिया. एक एस. टी. वाला रुक्या, उन्ने केला दिया.”

मग हसून म्हणाले, “गाडी का बी रोजा था शायद. मगरिब के बाद चली.”

अम्मी मात्र हसली नाही.

*

इलाज काही कमी केले नाहीत. पहिल्या मिस्त्रीनं डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. दुसऱ्यानं सांगितलं, लाइन हवा घेतेय. त्यानं नळ्या बदलल्या, वायसर बदलले, हवा काढून दिली. तिसऱ्यानं फीड पंपाला नवा किट टाकला. मग पंप उतरवून टेस्टिंगला नेला, नोझल तपासले. प्रत्येक इलाजानंतर गाडी एक-दोन फेऱ्या बरी जायची, पुन्हा घाटात बसायची. अठरा हजार रुपये गेले. त्यातले सहा माझे होते.

आणि प्रत्येक मिस्त्रीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, “चाचा, गाडी पाण्यातली हाय. ती अशीच तरास देणार.”

हे वाक्य आलं की बोलणं संपायचं. पुढं कुणी काही शोधायचं नाही. शेजारी म्हणायचे, पाण्यातली गाडी घ्यायलाच नको होती. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणायचा, मी तेव्हाच म्हटलं होतं. (त्यानं तेव्हा काहीही म्हटलं नव्हतं.) भंगारवाल्यानं येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जो भाव सांगितला त्यात अम्मीची एक पाटलीसुद्धा आली नसती. शेवटी असं ठरलं, की मे महिना बघायचा, आंब्याचा हंगाम उरकायचा आणि जूनमध्ये गाडी काढून टाकायची. त्यानंतर अब्बा काय करणार, हे कुणी बोललं नाही. भावाच्या मते आराम करणार. अब्बा आराम करताना मी कधी पाहिलेले नाहीत. लॉकडाऊनमध्ये धंदा मंदावला तेव्हा ते अंगणातली एकच फरशी रोज काढून पुन्हा बसवायचे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. पाचवी ते आठवीच्या वर्गांना मराठी आणि विज्ञान. स्वतः दहावीपर्यंत उर्दूतूनच शिकले, बी. एड. मराठी माध्यमाच्या कॉलेजात केलं. २०१३ साली. तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. पहिल्या सराव पाठाच्या दिवशी, मी अजून खडूसुद्धा हातात घेतला नव्हता तेव्हा, निरीक्षण करणारे सर माझ्या फाइलवर नजर टाकून म्हणाले होते, “उर्दू माध्यम का? मग मराठी जड जाणार तुम्हाला.” तो पाठ मला खरोखरच जड गेला. मराठीमुळं नव्हे, त्या वाक्यामुळं. वर्षभर माझ्या प्रत्येक चुकीचं कारण तेच ठरलं. इतर मुली फळ्यावर चुकल्या की त्या घाबरल्या म्हणून चुकल्या, मी चुकले की उर्दू माध्यमामुळं.

त्या बी. एड.मध्ये ‘निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन’ असा एक घटक होता. परीक्षेपुरता पाठ केला, सोळा गुणांचा प्रश्न सोडवला आणि विसरले. मूल कुठं अडतं ते आधी नेमकं शोधायचं, मगच उपचार करायचा, इतकंच त्याचं सार. मे महिन्यात सुट्टी लागली आणि एका रात्री अब्बा अंगणात गाडीच्या पायरीवर बसलेले दिसले तेव्हा मला तो घटक आठवला. आम्ही अठरा हजारांचे उपचार केले होते. निदान एकही केलं नव्हतं. ‘पाण्यातली’ हे निदान नव्हे. ते नुसतं नाव होतं.

मी शंभरपानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख. कुठून कुठं. माल किती. कुठं बंद पडली. किती वेळानं सुरू झाली. डिझेल किती होतं.

अब्बा म्हणाले, “गाडी की हाजिरी लेती क्या?”

“हौ,” मी म्हटलं.

मागच्या फेऱ्या आठवून आठवून त्यांनी सांगितल्या, पुढच्या दोन फेऱ्यांना मी स्वतः बरोबर गेले. अकरा नोंदी झाल्या. विज्ञान शिकवते म्हणून मूळ गोष्ट मला ठाऊक होती, की डिझेलच्या इंजिनात पेट्रोलसारखा ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा दाबून इतकी गरम करायची की वर डिझेलचा फवारा पडताच ते पेटतं. म्हणजे असं इंजिन आचके देत थांबलं आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू झालं, तर बहुतेक वेळा डिझेलच पुरेसं पोचत नसतं. ते का पोचत नाही, एवढाच प्रश्न होता.

वहीतल्या नऊ नोंदी घाटातल्याच होत्या. म्हणून सगळ्यांनी घाटाला आणि पंपाला धरलं होतं. मी उरलेल्या दोन नोंदींकडं बघत बसले.

एक नोंद उंब्रजजवळची. सरळ हायवे, गाडी रिकामी, चढ नाही. तरीही बंद पडली होती. डिझेलच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘काटा खाली.’

दुसरी नोंद उलटी. एका गिऱ्हाइकाच्या घरचं लग्नाचं सामान चिपळूणहून कराडला आणायचं होतं, गाडी गच्च भरलेली. भर दुपारी अख्खा घाट चढली आणि एकदाही थांबली नाही. अब्बा म्हणाले होते, “वो दिन मूड में थी.” डिझेलचा रकाना मी रिकामा सोडला होता. पुन्हा विचारलं. अब्बांनी आठवून सांगितलं, त्या माणसानं भाड्याच्या ऐवजी चिपळूणच्या पंपावर टाकी फुल करून दिली होती.

एरवी अब्बा टाकी कधीच फुल करत नाहीत. हातावर पोट असलेली माणसं तसं करत नाहीत. निघताना पंधराशेचं टाकायचं, जाऊन-येऊन तेवढं पुरतं. म्हणजे घाट चढायच्या वेळी टाकी नेहमीच तळाला आलेली. गाडी घाटाला घाबरत नव्हती. टाकीत डिझेल कमी झालं की ती बंद पडत होती.

*

वही घेऊन आम्ही चौथ्या मिस्त्रीकडं गेलो. हा वयस्कर, बोलायला तुसडा. आधीचे तिघे काय म्हणाले ते त्यानं ऐकून घेतलं नाही. वही मात्र चष्मा लावून दोनदा वाचली. मग टाकीचं झाकण अर्धं सैल करून ठेवा आणि एक फेरी मारून या म्हणाला. टाकीत हवा जायचं भोक बुजलं असेल तर डिझेल ओढलं जातं तशी आत पोकळी तयार होते आणि पुढं डिझेल येईनासं होतं. झाकण सैल केल्यावर तसं होत नाही. आम्ही फेरी मारली, गाडी तरीही बंद पडली. “बरं झालं, एक गोष्ट कमी झाली,” तो म्हणाला. इलाज लागू पडला नाही म्हणून खूश झालेला मिस्त्री मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाच लिटरचा कॅन मागच्या हौद्यात दोरीनं घट्ट बांधला. टाकीकडून येणारी नळी सोडवली, जास्तीचं डिझेल परत नेणारी नळीही सोडवली आणि दोन्ही नळ्या कॅनमध्ये सोडल्या. “टाकीला सुट्टी,” म्हणाला. अब्बा चालवायला, मी शेजारी, मिस्त्री मागं कॅनजवळ. पाटण रस्त्यानं मल्हारपेठपर्यंत गेलो आणि परत आलो. जेवढी पळवता येईल तेवढी पळवली. एक आचका नाही. परत येऊन नळ्या पुन्हा टाकीला जोडल्या, तळाला चार-पाच लिटर होतं. त्याच रस्त्यानं निघालो, तर सुपन्याच्या पुढं गाडी बसली.

मिस्त्री मागून उतरून आला आणि अब्बांना म्हणाला, “चाचा, पंप चांगला हाय, इंजिन चांगलं हाय. पैशे उगंच घातलेत. दुखणं टाकीत हाय.”

मला वाटलं, म्हणजे शेवटी गाळच. पुराचा गाळ. सगळे म्हणत होते ते खरंच निघालं. अब्बांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. गॅरेजवर टाकी उतरवली, उरलेलं डिझेल कापडातून गाळून बादलीत घेतलं. तळाशी गाळ निघाला तो चिमूटभर, कुठल्याही जुन्या टाकीत निघेल एवढा. मिस्त्रीनं टाकी उलटी केली, हलवली, बॅटरी लावून आत बघितलं आणि तारेच्या आकड्यानं काहीतरी ओढून काढलं.

निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा होता.

टाकीत एक नळी तळापर्यंत गेलेली असते, तिच्यातून डिझेल ओढलं जातं. टाकी भरलेली असली की डिझेल फारसं हिंदकळत नाही, तुकडा तळाशी कोपऱ्यात पडून राहतो. डिझेल कमी झालं की ते खळखळतं, तुकडा फिरत फिरत नळीच्या तोंडाशी येतो आणि ओढीनं तिथंच चिकटतो. गाडीचा श्वास कोंडतो. इंजिन बंद पडलं की ओढ थांबते, तुकडा सुटून खाली जातो. म्हणून पंधरा मिनिटांनी पहिल्याच सेल्फला सुरू.

अब्बांनी तो तुकडा हातात घेतला. उलटसुलट बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना आठवलं. २०२३ च्या पावसाळ्यात टाकीचं झाकण कुठल्या तरी पंपावर राहून गेलं होतं. नवं मिळेपर्यंत पाऊस आत जाऊ नये म्हणून त्यांनी भाजीची निळी पिशवी दुहेरी करून टाकीच्या तोंडाला ट्यूबच्या पट्टीनं बांधली होती. आठ-दहा दिवस. डिझेल भरताना कधीतरी नळाचं तोंड लागून ती फाटली असणार.

“बाढ का कुछ नै,” अब्बा म्हणाले. “हमारीच थैली.”

मिस्त्रीनं तीनशे रुपये घेतले. त्यावर अब्बांनी त्याला एक पेटी आंबे दिले. घरी येताना अब्बा गप्प होते. मला वाटलं, आपलीच चूक निघाली म्हणून त्यांना वाईट वाटतंय. पण कोयनेच्या पुलावर गाडी हळू करून ते म्हणाले, “तीन साल इसकू सब पानी की बोले. मैं बी बोल्या.” गाडीच्या डॅशबोर्डवर त्यांनी हात ठेवला होता. एवढंच.

*

गोष्ट इथं संपली असती तर ती घरातच सांगायची होती. लिहायचं कारण पुढं आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील हातगाडीवर केळी विकतात. उर्दू छान वाचतो, मकतबमध्ये लवकर कुराण खत्म केलेला. मराठीच्या तासाला मात्र ‘सुलभभारती’ उघडून उभा राहिला की दीड-दोन ओळी वाचतो आणि थांबतो. पूर्ण थांबतो. वर्ग हसायला लागतो. खाली बसवलं, थोड्या वेळानं पुन्हा उठवलं, की पुन्हा दीड-दोन ओळी आणि पुन्हा बंद. स्टाफरूममध्ये त्याच्याबद्दल एकच वाक्य होतं, “उसका दिमाग बीच में बंद पडता.” बाहेरची माणसं आमच्या शाळेबद्दल जे म्हणतात, उर्दूवाल्या पोरांचं मराठी कच्चंच असायचं, तेच आम्ही आत बसून एका मुलाबद्दल म्हणत होतो. मागच्या वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘मराठी वाचनात मागे’ असा शेरा मीच लिहिला होता. माझ्याच अक्षरात आहे तो. सराव पाठाच्या दिवशी माझी फाइल बघून बोललेल्या त्या सरांपेक्षा मी काय वेगळं केलं होतं?

मी घरून ती वही आणली. गाडीच्या अकरा नोंदींनंतर एक पान कोरं सोडलं आणि नवे रकाने आखले. धडा. ओळ. कोणत्या शब्दावर थांबला.

मला वाटत होतं जोडाक्षरं असणार. ‘प्रत्येक’, ‘क्षण’, ‘पुस्तक’. आठवडाभरानं वही बघितली तर ही सगळी जोडाक्षरं त्यानं न अडखळता ओलांडली होती. तो थांबला होता ‘आणि’वर, ‘मग’वर, ‘तो’वर, ‘घर’वर. यातला एकही शब्द त्याला येत नाही असं नव्हतं. मी पुस्तक समोर घेऊन ते शब्द शोधले, तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळे शब्द ओळीच्या सुरुवातीचे होते.

मग मिस्त्रीसारखी टाकी वगळून बघितली. धड्यातली वाक्यं एकेका कागदी पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिली, एका पट्टीवर एकच ओळ, आणि एक-एक पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं बारा पट्ट्या सलग वाचल्या. तोच मजकूर पुस्तकात दिला, तर दुसऱ्या ओळीशी थांबला.

“थांबतोस तेव्हा काय होतं रे?” हा प्रश्न मी त्याला दीड वर्षात कधीच विचारला नव्हता.

तो खाली बघत म्हणाला, “टीचर, लाइन गुम हो जाती.”

पाचव्या वर्षापासून या मुलाचे डोळे उजवीकडून डावीकडं वाचायला शिकले आहेत. मकतबमध्ये तसंच, उर्दूच्या पुस्तकात तसंच. तिथं ओळ डावीकडं संपते आणि नवी ओळ उजवीकडं सापडते. मराठीत ओळ उजवीकडं संपते. त्याचे डोळे तिथंच, उजव्या टोकालाच, खालची ओळ शोधायचे. तिथं सापडायचा एखाद्या वाक्याचा मधलाच तुकडा. मग तो गोंधळायचा, वर-खाली बघायचा, वर्ग हसायचा आणि घशातला आवाज बंद व्हायचा. बहुतेक मुलं हे वळण आपोआप शिकतात. मीही कधीतरी शिकले असेन, मला आठवत नाही. याचं राहून गेलं होतं. अक्षरं चांगली होती, शब्द चांगले होते, डोकं चांगलं होतं.

इलाज आठ आण्यांचाही नव्हता. पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, तिच्या डाव्या टोकाला लाल ठिपका काढला. ओळीखाली पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची आणि लाल ठिपक्यापासून सुरुवात करायची. पहिल्या दिवशी पोरानं अख्खा परिच्छेद वाचला. हळू वाचला, पण थांबला नाही. वर्गात कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, तास संपल्याची घंटा झाली होती.

मला यातून फार मोठा शोध लागला असं म्हणायचं नाही. तीच पट्टी मी वर्गातल्या आणखी दोन मुलांना दिली, तर त्यांना तिचा काही उपयोग झाला नाही. त्यांचं दुखणं खरोखरच जोडाक्षरांचं आहे, त्याच्यावर वेगळं काम चालू आहे. एका गाडीचा इलाज दुसऱ्या गाडीला चालत नाही. पण आधी रकाने आखून बघावं लागतं, हे दोघींनाही, म्हणजे गाडीला आणि शाळेला, सारखंच लागू आहे.

आपल्याला, म्हणजे हे वाचणाऱ्या तुम्हा-मला, नावं ठेवून घ्यायची सवय झालेली आहे. ती नावं ऐकली की आपण चिडतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच नावाच्या आडोशाला आपणही कधीकधी निवांत बसतो. पाण्यातलीच गाडी, उर्दूचंच पोर, गरिबाचंच घर, आता काय करणार? असं म्हटलं की टाकी उतरवायचे कष्ट वाचतात. आत पूर नसतो. आपलीच फाटलेली पिशवी असते आणि ती काढता येण्यासारखी असते.

जूनमध्ये गाडी विकायची होती ती विकली नाही. अब्बांनी टाकीला नवं झाकण बसवलंय आणि ते सायकलच्या साखळीनं गाडीला बांधून टाकलंय. मोहल्ल्यात अजूनही तिला पाण्यातली गाडीच म्हणतात. अम्मी मात्र अजूनही, घाटाची फेरी असली की, फोन येईपर्यंत जेवत नाही. आता फोन वेळेवर येतो.

त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात या वर्षी काय शेरा लिहायचा, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. शेवटी लिहिलं, ‘ओळ बदलताना अडत होता. आता वाचतो.’ हेडमास्तर म्हणाले, असा शेरा नसतो. मी म्हटलं, “असू द्या, सर.”